मोटार सोडून सगळं नाथाजीकडं

कडेगावच्या पट्ट्यात विहिरीवरची मोटार जळली, की माणूस देवाच्या आधी आकारामला फोन करायचा. आणि आकाराम फोन उचलायचा तोच मुळी ओरडत, "मी आल्याबिगर हात लावू नगा." त्याच्या दुकानात तीन कारागीर होते. तिघांनाही मोटार भरता यायची. पण तिघांनी करायचं काय, तर आकारामचे हात चालताना बघत बसायचं. तांब्याची तार भरायची ती त्यानं, बोल्ट आवळायचे ते त्यानं, गिऱ्हाइकाला चहा सांगायचा तोही त्यानंच. दारात जळक्या मोटारींची रांग लागायची आणि तिकडं रानात ऊस माना टाकायचा.

शेवटी बायको, मंगल, कावली. "आवं, जरा कामं वाटून द्या की माणसांस्नी. वर जाताना मोटारी बरुबर नेणार हाय का?"

आकारामला पटलं. पटलं म्हणजे आपलं त्याच्या पद्धतीनं. दुसऱ्याच दिवशी त्यानं नाथाजीला, म्हणजे सगळ्यात तरबेज कारागिराला, समोर बसवलं आणि कामं वाटली. घरचा गॅस नाथाजीनं आणायचा. लाइटबिल, दळण, म्हातारीचा डोळ्यांचा डॉक्टर, पोरीच्या कॉलेजातली पालकसभा, सगळं नाथाजीनं बघायचं. मोटारी तेवढ्या आकारामनं. घ्या, झाली वाटणी! वर हा बाबा येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा, "आता समदं माणसांवर सोडलंय बगा."

त्यात शिवांजलीला, त्याच्या लेकीला, स्थळ आलं. कोयनानगरच्या कोंडीबा सुभेदारांचा विश्वजीत. पोरापोरीनं एकमेकांना पसंत केलं, पोरीचा जीव तिथंच गुंतला. आता मोठ्या माणसांनी जाऊन घर बघायचं, बोलायचं, एवढंच उरलं होतं. नेमकी त्या दिवशी सकाळी कुणाची तरी मोटार जळली.

"नाथा, तूच जा मंगलसंगं," आकाराम म्हणाला. "मी गेलो तर मोटार कोण भरणार?"

ज्याला सांगितलं तोच ती डोळे झाकून भरू शकत होता, हे काही त्याच्या टाळक्यात शिरलं नाही. सोयरिकीला बापाच्या जागी दुकानातला माणूस धाडणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार लावणं. सुभेदार भले माणूस. त्यांनी नाथाजीला जेवू घातलं, टॉवेल-टोपी दिली, पण होय काही म्हणाले नाहीत. हट्टानं सोबत गेलेली शिवांजली घरी येईपर्यंत गाडीत रडत होती. आकारामनं विचारलं, "जमलं का?" आणि उत्तर यायच्या आत पुन्हा पाना उचलला.

काही दिवसांनी सुभेदार स्वतःच आले. पोरीचा बाप आहे तरी कसला, ते बघावं म्हणून थेट दुकानात. आकारामनं त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. त्याचं डोकं मोटारीत.

"मालक तुमीच का?" सुभेदारांनी विचारलं.

"व्हय. काय असंल ते नाथाजीला सांगा."

"तुमच्या पोरीच्या लग्नाचं हाय."

"त्ये बी नाथाजीच बगतोय," मान वर न करता आकाराम म्हणाला.

सुभेदारांनी पत्ता विचारून घर गाठलं. नाथाजी नुकताच दळण घेऊन आला होता. त्याला शेजारी बसवून सुभेदार मंगलला म्हणाले, "पोरगी आमाला पसंत हाय. पर बोलणी नाथाजींशी, आन मांडवात व्याह्याचा फेटाबी त्यांनाच बांधणार. कबूल असंल तर सुपारी फोडू."

मंगल गडबडली. "ह्यांना इचारते."

"कशाला?" शिवांजली म्हणाली. "पप्पा म्हणतील, नाथाजीकाकाला इचार. मला कबूल हाय."

सांजच्याला हे आकारामला कळलं. लेक त्याची आणि फेटा नाथाजीला? लाज वाटली, राग आला, आणि डोळ्यांत पाणी आलं ते वेगळंच. तो तडक नाथाजीच्या घरी गेला.

"नाथा, उद्यापास्नं दुकान तू सांभाळ. एकूण एक मोटार तूच भर. मी बोटबी लावत न्हाई. लग्नाचं मी बगतो."

नाथाजीनं त्याला बसायला खुर्ची दिली.

"आता न्हाई जमायचं, मालक. उद्या बस्ता हाय, मग आचाऱ्याकडं जायचंय. तिकडचं कोण तुमाला वळखतंय तरी का? तुमी दुकान सोडू नगा. पत्रिका छापून आली, की तुमची मी घरपोच आणून देतो."