पहिलं कोण बोललं

तिला सगळे बातमीताई म्हणायचे. आधी कुचेष्टेने, मग सवयीने, आणि गटाराची फुटकी झाकणं तिच्या वेबसाइटमुळे तीन दिवसांत बदलली गेली तेव्हापासून जरा अदबीने. शिक्षण दहावी. टायपिंग शिकली वीजबिलांच्या कचेरीत रोजंदारी करताना, आणि वेबसाइट चालवायला शिकली मोबाइलवर बघून, चुकत-माकत. मोठ्या पेपरांना या वॉर्डात निवडणुकीपुरता रस. एरवी इथे माणसं राहतात हे त्यांच्या गावीही नसतं. म्हणून हिने भावाच्या झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत एक टेबल आणि जुना कॉम्प्युटर मांडला आणि वॉर्डाला सांगितलं, बातम्या तुम्ही आणा, टाकायला मी बसलेय.

नियम एकच होता. दोन वेगळ्या माणसांनी पडताळल्याशिवाय बातमी चढणार नाही. पडताळणीला दोघं होती. एक पोस्टमनकाका, निवृत्त, वॉर्डातलं दार न् दार पाठ असलेले. दुसरी शिलाईमावशी. तिच्या मशीनसमोर बसलं की बायका मापाबरोबर घरचंही देऊन जात.

दुसरा नियम नंतर आला. ठेकेदाराच्या मेव्हण्याने सार्वजनिक शौचालय सुरू झाल्याची बातमी भलत्याच जागेचा फोटो लावून पाठवली होती. ती खोटी निघाली तशी ताई पेटली. त्या दिवसापासून ठरलं, बातमी चुकली तर सुधारणेच्या पहिल्याच ओळीत लिहायचं, हे आधी कोण बोललं. मेव्हण्याचं नाव, काम, नातं सगळं चढलं. तिच्या नाकाच्या शेंड्यावरचा राग त्या दिवशी वॉर्डाने डोक्यावर घेतला.

बुधवारी दुपारी तिसऱ्या इमारतीतल्या एका आईचा मेसेज आला. शाळेची व्हॅन चालवणारा माणूस पिऊन असतो. मुलं त्याला व्हॅनमामा म्हणत, म्हणून मोठेही म्हणत. बारा वर्षं व्हॅन चालवत होता, सध्या अकरा मुलं होती, आणि आजवर एकदाही उशीर नाही. ताईने काकांना फोन लावला.

काका तासाभराने बोलले. "चौकशी केली. खरं दिसतंय. उतरताना तोल जातो म्हणे."

शिलाईमावशीने मशीनही थांबवलं नाही. "मी तर कालच ऐकलं. डोळेही लाल असतात म्हणे."

दोन माणसं झाली. त्यात मुलांच्या जिवाचा प्रश्न. चार वाजता बातमी चढली, 'शाळेची व्हॅन दारुड्याच्या हाती?' प्रश्नचिन्ह घातलं की आपण सुटलो, असं तिला वाटलं. सगळ्याच बातम्या लिहिणाऱ्यांना वाटतं.

गुरुवारी व्हॅनमध्ये चार मुलं होती. गुरुवारी संध्याकाळी शाळेने व्हॅनच बंद केली. मामाला ठेवायचं की काढायचं, ते शनिवारी अकरा वाजता समिती ठरवणार होती.

शुक्रवारी सकाळी मामा खोलीत आला. उभाच राहिला.

"ताई, मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही."

"मामा, दोन माणसांनी..."

"कोण दोन? आणा समोर." त्याने डोळ्यांवरचा चष्मा काढून कीबोर्डवर ठेवला. "सोमवारी मिळाला. वरच्या भिंगातून लांबचं दिसतं, खालच्यातून जवळचं. गाडी चालवताना झकास. पण उतरताना खाली बघितलं की पायरी एकीकडे आणि पाय दुसरीकडे. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर जपून टाका पाय. मी जपून टाकला, आणि तुम्ही मला दारुड्या केलंत."

"आणि डोळे?"

"औषध घालून तपासलेत. मग लाल नाही होणार तर काय हिरवे होणार?"

तिने त्याच्यासमोरच चष्मेवाल्याला फोन केला. "हो, आमच्याकडचाच," तो म्हणाला. "आमच्याच पायरीवर पहिली ठेच खाल्ली त्यांनी. हसलो की आम्ही सगळे."

मामाने चष्मा उचलला आणि गेला. ताईने वही घेतली. चुकलेल्या बातमीचा माग काढायचा तर दारोदार जायचं, हीच तिची रीत.

तिसऱ्या इमारतीतली आई म्हणाली, "मला भाजीवालीने सांगितलं."

काका म्हणाले, "मी भाजीवालीलाच विचारलं. तिला सगळ्या वॉर्डाचं माहीत असतं."

मावशी म्हणाली, "भाजी घेताना कानावर आलं. का गं?"

तोंडं तीन आणि टोपली एकच. ताईने वहीत तिन्ही नावांवरून बाण ओढले. तिघांचं टोक एकाच ठिकाणी टेकलं.

भाजीवाली मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत होती. "मी कशाला उगाच बोलू? तुमच्याच घरातून आलं ते. तुमच्या वहिनी म्हणाल्या, मंगळवारी. आणि ताई, तुमच्या घरचं म्हटल्यावर मला वाटलं, पडताळलेलंच असणार."

घरी वहिनी पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. ताईने विचारलं तशी ती हसलीच.

"मला काय विचारतेस? तूच म्हणालीस. मंगळवारी, खिडकीत दात घासत उभी होतीस. म्हणालीस, बघ बघ, मामा कसा चाललाय, सकाळीच लावून आलाय वाटतं. मग मी भाजी घेताना म्हटलं, व्हॅनमामा घेतो का गं?" आणि मग तिचं हसू गेलं. "अगं बाई."

ताई पलंगाच्या कडेला बसली. एरवी एवढ्यात तिने आकाशपाताळ एक केलं असतं. आता तिने आत राग शोधला तर राग नव्हता, लाजही नव्हती. दाताच्या डॉक्टरने सुई मारल्यावर गालाला हात लावावा आणि तो गाल दुसऱ्याचाच वाटावा, तसं काहीतरी होतं. भिंतीपलीकडे भावाच्या दुकानात झेरॉक्सचं मशीन चालू होतं. एक प्रत, दुसरी प्रत, तिसरी.

"माझं नाव टाक," वहिनी म्हणाली. "भाजीवालीला मी सांगितलं. त्यात खोटं काय?"

"पहिलं कोण बोललं ते टाकायचं असतं."

"मग मीच बोलले. तुझं कुणी ऐकलं होतं? मीच ना?"

दुपारी काका आले. मान खाली. "चुकलं माझं. पण आता शहाणपणाने घे. खुलासा टाक बारीक अक्षरात, माहिती अपुरी होती म्हणून. नावबिव नको. तुझं नाव आलं तर उद्या या साइटला कोण विचारेल?"

तिने मुख्याध्यापिकेला फोन करून विचारलं, खुलासा टाकला तर समितीला चालेल का?

"खुलासे काय हो, दम भरला की कुणीही टाकतं," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "समितीला एकच कळायला हवं. त्याला प्यायलेला कुणी पाहिला की नाही?"

फोन ठेवून ताई कॉम्प्युटरसमोर बसली. बोटं आपोआप चालली. वीजबिलं मारताना चालायची तशी, काय लिहितोय हे डोक्यापर्यंत न पोचता. हे आधी बोलली ती ही वेबसाइट चालवणारी बाई. तिने मामाला पिताना किंवा प्यायलेला पाहिला नव्हता. नव्या चष्म्यामुळे तो पाय जपून टाकत होता, त्यावर तिने दात घासता घासता टोमणा मारला. तोच टोमणा भाजीच्या टोपलीवरून फिरून तिच्याकडे आला आणि तिने बातमी म्हणून टाकला.

एकदा वाचून तिने ते चढवलं आणि सहा प्रती काढल्या. भावाने मशीनमधून निघणारा कागद वाचला, तिच्याकडे बघितलं, आणि कागद नीट जुळवून दिले.

शनिवारी बैठक बालवर्गात होती. मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन छोट्या खुर्च्यांवर बसली होती. ताईने उभं राहून कागद वाचला. आवाज कापला नाही. तिला स्वतःलाच ते ऐकायला विचित्र वाटलं, जणू कुणीतरी दुसरंच वाचतंय.

मागून एक बाप म्हणाला, "म्हणजे बोलायचं तुम्ही, पडताळायचं तुम्ही, छापायचं तुम्ही. आम्ही काय फक्त मुलं घरी ठेवायची?"

हशा झाला. या माणसाला एरवी तिने उभा सोलला असता. ती कागदाच्या घड्या घालत राहिली. मामा दाराशी उभा होता. हसणाऱ्यांत तो नव्हता.

व्हॅन परत सुरू झाली. सोमवारी सात मुलं बसली. उरलेल्या चौघांनी दुसरी गाडी लावली होती.

मंगळवारी दुपारी मामा परत खोलीत आला. या वेळी बसला.

"ताई, ती दुसरीही काढा."

"कुठली दुसरी?"

"माफीची. पहिलीही काढा आणि तीही काढा. काल एक नवीन आई आली विचारायला. तिने आधी मोबाइलवर शोधलं होतं. काय आलं? मी, व्हॅन आणि दारू, एका ओळीत."

"पण त्यात चूक माझी लिहिलीय, मामा. स्पष्ट लिहिलीय."

"तेवढं वाचतं कोण?"

या साइटवर चढलेलं कधी उतरवलं नव्हतं. नगरसेवकाचा माणूस दाराशी मोटारसायकल आडवी लावून धमकावून गेला होता, तेव्हाही नाही. ती अभिमानाने सांगायची ते. लोकही सांगायचे.

"काढली तर लोक म्हणतील, ताईने आपलं झाकलं," ती म्हणाली.

"म्हणतील," मामा म्हणाला. "पण तुम्हाला म्हणतील. मला नाही."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. रस्ता कुठे बंद आहे ते सांगावं तसं सरळ सांगत होता. तिने पहिली बातमी निवडली, काढली. मग दुसरी निवडली. तिच्या नावाची ती एकच ओळ पडद्यावर निळी झाली आणि गेली. त्या जागी पाण्याच्या नव्या वेळा वर सरकल्या. सकाळी साडेसहा ते आठ, एक दिवसाआड.

"झालं?"

"झालं."

मामाने हात पुढे केला. तिला वाटलं, हात मिळवायला. पण त्याला तिचा माउस हवा होता. त्याने स्वतः पान वर-खाली फिरवलं, अगदी तळापर्यंत नेलं, परत वर आणलं. मग उठला. मुलं सुटायची वेळ झाली होती.