चार सेकंद

मेदेयीन शहरातल्या आमच्या पेन्शन कचेरीत नोहेमीबाई एकोणीस वर्षं एकच काम करत होत्या. जुन्या संगणकप्रणालीतल्या नोंदी वाचून नव्या प्रणालीत भरायच्या. मृताची नोंद आली की छातीवर क्रूस काढायच्या, मगच पुढे.

दोन्ही प्रणाली एकमेकींना नीट जोडायला दोन वर्षं लागणार होती. बाईंची नक्कल करणारा संगणकी रोबो तीन आठवड्यांत मिळत होता.

"दोन वर्षं कोण थांबतंय?" साहेब म्हणाले.

मग मी बाईंचं पडद्यावरचं काम जसंच्या तसं टिपून रोबोला शिकवलं.

"माझ्या खोडीही उचलणार का रे हा मेला?" बाई हसल्या.

उचलल्या. बाईंना घरी बसवल्यावरही रोबो प्रत्येक मृतापाशी चार सेकंद थांबायचा. साहेब खेकसले, "हा अडतोय कशाला? काढ ते!" कारण मला ठाऊक होतं. तरी मी ते चार सेकंद काढून टाकले.

पुढच्याच महिन्यात मृतांमध्ये नोहेमीबाईंचं नाव आलं. मी पडद्यासमोरच होतो. क्रूस काढायला माझा हात छातीपर्यंत पोचला, तोवर रोबो पुढची सात माणसं उरकून गेला होता.