गुळव्याची जीभ

कुंडलचे गुळवे ज्ञानूआबा मधुमेही, तरी गुळाचा कण स्वतः चाखल्याशिवाय ते ढेप विकू देत नसत. नात साक्षी कॉलेजात गुडमारच्या पानांचा अर्क काढून, मधुमेहात वाढलेल्या साखरेनं पेशींची होणारी झीज त्यानं थांबते का, ते तपासत होती. तिनं वाळत घातलेली पानं साखर उतरेल म्हणून आबांनी गुपचूप चावली आणि गुऱ्हाळात गूळ मातीसारखा लागला.

"माझी जीभ गेली गं," ते बायकोला म्हणाले.

"आवं, त्या पानानं गोड कळतच न्हाई. घटकाभरानं चव येती, साक्षीच सांगत हुती," मनुबाई हसल्या.

आजवर आबांनी दुसऱ्या कुणाला गूळ पारखू दिला नव्हता. त्यांनी एक कण मनुबाईंच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो जिभेवर घोळवला.

"खारपट रानाचा ऊस हाय. जरा खारट लागतोय."

आबांनी त्या ढेपा विक्रीतून बाजूला काढल्या.