भ्यालेले बेडूकमासे

मी चौक गावातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि राहते कोंडाण्याच्या लेण्यांजवळ, सासरी. गेल्या वर्षी भाताची लावणी आटोपली तेव्हाची ही गोष्ट. आठवीच्या वर्गात अन्नसाखळी चालू होती. शेवाळ बेडूकमासा खातो, बेडूकमाशाला चतुर किड्याचं पाण्यातलं पिल्लू खातं, असे बाण मी फळ्यावर काढले. तेव्हा एका मुलीनं विचारलं, "बाई, ज्याला खाणार तो तोवर नुसता बसून राहतो का?"

बसत नाही, एवढं मला पुस्तकातून माहीत होतं. पण डोळ्यांनी मीही कधी बघितलं नव्हतं.

घरी येऊन सासूबाईंकडून कपड्यांचे दोन टब मागून घेतले. त्यांनी कुरकुरत दिले. सासरे, म्हणजे आमचे आबा, शेतातून बेडूकमासे घेऊन आले. दोन्ही टबांत ओढ्याचं पाणी, शेवाळलेले दगड आणि मोजून चाळीस चाळीस बेडूकमासे सोडले. एका टबात चतुराचं पिल्लू सोडलं, पण मच्छरदाणीच्या शिवलेल्या पिशवीत. त्याला रोज दोन बेडूकमासे मी बाहेरून आणून द्यायची. टबातल्या चाळिसांना ते शिवूही शकत नव्हतं. त्याचा वास मात्र पाण्यात पसरत होता.

दोन आठवड्यांनी मी हिरमुसले. साध्या टबातले दगड चाटून स्वच्छ झालेले, आणि पिशवीच्या टबात हिरवा गाळ. मला वाटलं, आतले मेले. चहाच्या गाळणीनं एकेक काढून मोजले, तर चाळीसच्या चाळीस जिवंत. मग ऊन कमीजास्त लागत असेल म्हणून टबांच्या जागा बदलल्या. आठवड्यानं बघितलं, तरी हिरवा टब हिरवाच.

आबा पडवीत उकिडवे बसून बराच वेळ त्या टबात बघत होते. हे तळाशी गप पडून असतात, असं ते म्हणाले. दुसऱ्या टबातले दिवसभर तोंड चालवतात. मग म्हणाले, "मागं डोंगराकडं बिबट्या फिरत होता, तवा आपल्या शेळ्या मान वर करून उभ्या राहायच्या. गवत कमरेला लागलं होतं. भ्यालेलं जनावर चरत नाय गं पोरी."

मी एक भ्यालेला आणि एक निवांत बेडूकमासा पांढऱ्या बशीत शेजारी शेजारी ठेवला. भ्यालेल्याची शेपटी चांगली रुंद झाली होती, वल्ह्यासारखी, झटकन पळायला. आईबाप त्याच शेतातले, पण भीतीनं अंगच बदललं होतं. मला इतका आनंद झाला, की मी सासूबाईंना हाताला धरून ओढत आणलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, खरंच की.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या टेंपोतून टब शाळेत नेले. हिंदकळतील म्हणून आबाही सोबत आले आणि वर्गात शेवटच्या बाकावर बसले. मुलांनी टबांभोवती गर्दी केली. एकानं विचारलं, एवढी चांगली शेपटी आहे तर सगळेच का करत नाहीत? मी उत्तर जुळवत होते, तोवर मागून आबा बोलले.

"फुकट व्हती का शेपटी? खाल्लेलं सगळं तिच्यातच गेलं, तर अंग कशानं वाढंल? वैरी नाय, तर कशाला करंल?"

वर्ग हसला. एक पोरगी उठली, खडू घेतला आणि चतुराच्या पिल्लापासून थेट शेवाळापर्यंत तुटक बाण काढला. शेवाळाला तोंडही न लावता ह्यानं ते वाढवलं, असं तिचं म्हणणं. पाठ्यपुस्तकात तो बाण नव्हता. मी तो पुसू दिला नाही.

संध्याकाळी बेडूकमासे शेतात सोडायला घेऊन निघालो, तेव्हा आबांनी नाक्यावर टेंपो थांबवून वडापाव घेतले. खाताना त्यांनी विचारलं, करवंदीला शेळ्या लागल्या की काटे वाढतात का, ते पुढच्या वर्षी बघायचं का. करवंदीची कुठली जाळी कुंपणात घ्यायची आणि कुठली शेळ्यांना सोडायची, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं.