टोको टूकनची चोच

बाबा गेले तेव्हा मी पुण्याला जाऊन आले. दिवसकार्य उरकलं, आईला भावाकडे सोडलं आणि मेलबर्नला परतले. विमानतळावरून ट्रुगानिनाला, आमच्या उपनगरात, येताना नवऱ्याने विचारलं, "बरी आहेस ना?"

"हो," मी म्हटलं. ते खोटंही नव्हतं. दुखत असं काहीच नव्हतं.

घरात पाऊल टाकलं तशी मुलगी म्हणाली, "आई, माझं प्रोजेक्ट फ्रायडेला आहे." ती तिसरीत होती. रेनफॉरेस्टमधला एक प्राणी निवडून वर्गात त्याच्याबद्दल बोलायचं आणि सोबत काहीतरी बनवून न्यायचं. तिचा पक्षी आधीच ठरला होता, टोको टूकन.

मला हे ठाऊक होतं, कारण दर रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तिचं आणि बाबांचं याच पक्ष्यावरून भांडण चालायचं. बाबांचं लहानपण चिपळूणकडचं. तिने स्क्रीनसमोर चित्र धरलं की ते म्हणायचे, "हा तर आमचा धनेश."

"नो आजोबा, धनेश म्हणजे हॉर्नबिल. धिस इज अ टूकन."

"एवढी मोठी चोच आणखी कुणाला असते?"

"हॉर्नबिलच्या चोचीवर अजून एक बंप असतो. टूकनला नसतो. आणि हा ब्राझीलला राहतो."

"मग तिकडचा धनेश म्हण."

ती चिडायची, बाबा खुशीत यायचे. मग धनेशाची मादी ढोलीत बसून दार कसं लिंपून घेते आणि नर फटीतून तिला फळं कशी भरवतो, ते सांगत बसायचे. पुढच्या रविवारी ही वाचून तयार. टूकनसुद्धा ढोलीतच घरटं करतो, पण दार बंद करत नाही, अंडी दोघं आळीपाळीने उबवतात. "सी? डिफरंट." बाबा म्हणायचे, "असेल बाई." आणि पुन्हा धनेशच म्हणायचे.

मी चोच करायला घेतली. सुपरमार्केटची जाहिरातपत्रकं फाडली, मैद्याची खळ शिजवली आणि फुग्यावर थरावर थर चिकटवले. ऑफिसने अजून सुट्टी दिलेली होती आणि हाताला काम होतं. हीटरजवळ वाळवून ती केशरी रंगवली, टोकाला मोठा काळा ठिपका काढला, बुडाशी काळी रेघ ओढली. मुलीने उचलून पाहिली.

"आई, ही जड आहे."

"मग?"

"खरी जड नसते. आतून फोमसारखी असते. म्हणून तर त्याला उडता येतं. आणि उकडलं की तो चोचीतून हीट बाहेर सोडतो."

"वर्गात कुणी वजन करणार नाहीये."

"बट इट्स राँग," ती म्हणाली. चिडून नाही, नुसतं सांगितल्यासारखं.

मी ती चोच नेऊन पिवळ्या झाकणाच्या रिसायकलिंगच्या बिनमध्ये टाकली. इतका वेळ खपून केलेली वस्तू टाकताना एरवी जिवावर आलं असतं. तेव्हा काहीच वाटलं नाही. नवऱ्याने गॅरेजमधून टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल आणला. मी पाव कापायच्या सुरीने तो कापला. पांढरे दाणे ओट्यावर, केसांत, स्वेटरच्या बाह्यांना चिकटून बसले, झटकले तरी जाईनात.

गुरुवारी नवीन अडचण निघाली. टोको टूकन घनदाट जंगलात फारसा राहत नाही, त्याला मोकळी झाडी आवडते, जंगलाची कड, फळबागा, असं तिच्या वाचण्यात आलं.

"मग हा रेनफॉरेस्टचा आहे की नाही?"

"मिसना विचार."

ती खिडकीतून बाहेर बघत होती. आमच्या वसाहतीत सगळी घरं नवी, आणि रस्त्याकडेची झाडं अजून काठ्यांना बांधलेली. "इथे राहील का तो?"

"ढोलीला जाड खोड लागतं. आणि इथे थंडी आहे."

"ओके," म्हणून तिने ते वहीत लिहूनही टाकलं.

शुक्रवारी पालकांनाही बोलावलं होतं. तिने इलॅस्टिक लावलेली चोच चढवली आणि इंग्रजीतून, नाकात, बोलू लागली. टूकनचं अंग काळं, गळा पांढरा, डोळ्याभोवती निळी कातडी. फळ चोचीच्या टोकात पकडून तो मान मागे टाकतो, मग ते घशात जातं. दुसऱ्यांची अंडीही खातो. झोपताना चोच पाठीवर वळवतो आणि शेपटी वर घेतो, म्हणजे पिसांचा गोळाच दिसतो. शेवटी म्हणाली, "माझे आजोबा म्हणतात हा हॉर्नबिल आहे. ते चुकतायत, पण ऐकतच नाहीत."

सगळे पालक हसले. मीही हसले. नवऱ्याने शाळेला बाबा गेल्याची ईमेल केलेली होती, त्यामुळे टीचर मात्र माझ्याकडे बघत होत्या. नंतर त्यांनी माझं कोपर हळूच धरलं आणि म्हणाल्या, "सो सॉरी." मी म्हटलं, "नो वरीज." यावर असं म्हणत नाहीत, हे मला पार्किंगमध्ये आल्यावर कळलं.

गाडीत मी विचारलं, "आजोबा गेले, माहीत आहे ना तुला?"

"आय नो."

"मग 'म्हणतात' असं का म्हणालीस?"

"त्यांनी ते बदललं नाही ना," ती म्हणाली. "शेवटपर्यंत हॉर्नबिलच म्हणत होते."

सिग्नल सुटला, मी गाडी पुढे घेतली.

सोमवारपासून मी कामावर जाऊ लागले. वर्गाचा पुढचा विषय ज्वालामुखी होता, त्यामुळे टूकन मागे पडला. एक दिवस अचानक भरून येईल, असं पुण्यात सगळ्यांनी बजावलं होतं. मी काही दिवस वाट पाहिली, मग तेही सोडलं.

आईचा व्हिसा झाला आणि इथल्या उन्हाळ्यात, डिसेंबरात, ती आली. विमानतळावर मला बघून म्हणाली, "वाळलीस गं." मी तिची ट्रॉली ढकलत गाडीपर्यंत आणली, वाकून तिचा सीटबेल्ट लावून दिला. तिच्या शालीला डांबरगोळ्यांचा वास येत होता, बाबांच्या कपाटाचा. मी काच थोडी खाली केली.

थोडं अंतर गेल्यावर ती म्हणाली, "वारा लागतोय."

मी काच वर घेतली.