दोन माणसांचा तंबू

इस्पितळातून घरी आलो तेव्हा सगळ्यांनी मिळून मला एकच काम नेमून दिलं, पडून राहण्याचं. नेमकं तेच मला जन्मात कधी जमलेलं नाही. उभं आयुष्य खनिजाच्या टिपरवर गेलं. खाणीवरून धक्क्यावर, धक्क्यावरून परत खाणीवर. बार्ज यायची वाट बघत टिपरांची रांग लागली की केबिनचं दार उघडं टाकायचं, पाय बाहेर काढायचे आणि झोपायचं. उन्हाळ्यात तर थेट टपावर. पुढे खाणी बंद पडल्या, टिपर विकला, मग दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, पण उघड्यावर झोपायची सवय अंगात मुरली ती मुरलीच. माझ्या पायाला भिंगरी आहे असं बायको लग्न झाल्यापासून म्हणते. ती सहसा खोटं बोलत नाही.

छातीत कळ येऊन अँजिओप्लास्टी झाली आणि त्यानंतर माझी झोप उडाली. डिचोलीतलं आमचं घर काही खुराडं नाही. पण तिन्हीसांजेला डासांपायी जनेलं बंद केली, दार लावलं, पंखा सुरू केला की माझा जीव घुसमटायला लागायचा. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. हृदय उत्तम आहे, भीती बसली आहे, म्हणाले आणि गोळी दिली. गोळीनं तोंड कोरडं पडायचं, झोप काही येत नसे. मुलगा नोकरीपायी वास्कोला असतो, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. मी हॉलमध्ये, ती आतल्या खोलीत. या वयात आमच्याकडे असंच असतं. मी हॉलमध्ये येरझाऱ्या घालायचो आणि आतून आवाज यायचा, "पडा मरे जरा! लादी झिजली!"

माझ्या डोक्यानं एकच धरलं होतं. एक रात्र उघड्यावर काढायला मिळाली तर मला झोप लागेल, आणि एकदा झोप लागली की ही भीतीही जाईल. बायकोच्या डोक्यानं दुसरंच धरलं होतं. मी बाहेर एकटा झोपलो आणि रात्री काही झालं तर कुणाला पत्ताही लागायचा नाही. यावरून आमच्यात रोज वाजायचं. मी कधी चिडून बोलायचो, कधी लाडीगोडी लावायचो, ती ढिम्म.

तंबूची कल्पना केरीची. तिथे समुद्राला लागून बायकोच्या मावसबहिणीचं माडांचं भाट आहे. मागच्या वर्षी तिच्याकडे आलेल्या पाहुण्यांनी तिथे तंबू ठोकला होता, तो मी पाहिला होता. डास नाहीत, भिंती नाहीत, आणि चारी बाजूंनी वारा. आजारपणात तो तंबू मला सारखा आठवायचा. शेवटी एक दिवस औषधं आणायला म्हणून बस पकडली आणि म्हापशाला खेळाच्या सामानाच्या दुकानात जाऊन उभा राहिलो.

दुकानातली मुलगी चांगली होती, पण माझ्यात धीर कुठे? मी सगळ्यात स्वस्त आणि हलका मागितला. तिनं तो दाखवला आणि लगेच सांगितलं की याला एकच थर आहे, आतली वाफ बाहेर जात नाही, पहाटे तिचं पाणी होऊन अंगावर ठिबकतं. दोन थरांचा घ्या, आत जाळी आणि वर वेगळं कापड. मी म्हटलं, मी पावसात जाणार नाही. ती म्हणाली, काका, दव पडतं की नाही? मग तिनं तळ दाखवला, ताडपत्रीसारखा जाड, कडेनं वीतभर वर घेतलेला, म्हणजे ओल आत येत नाही. दांडे दाखवले, आत लवचीक दोरी ओवलेले, झटकले की आपोआप जुळणारे. ते दोनदा झटकून पाहिल्यावर मी पोरासारखा खूश झालो. किती जणांसाठी, असं तिनं विचारलं आणि मी विचार न करता म्हटलं, "एकट्याला."

घरी आलो. खोक्यावर चित्र होतं, तंबूतून डोकं बाहेर काढून हसणारा एकटा माणूस. बायको आडाळ्यावर खोबरं खवत होती. हा घेऊन केरीला जाणार, असं मी सांगून टाकलं. तिनं चित्र पाहिलं.

"ह्यो एकट्याचो?"

"एकट्याचोच. हलको असा."

"आणि मी खंय झोपतलंय? भायर, वाळयेर?"

तिला यायचं आहे हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मला राग आला. घरात नजर, बाहेरही नजर! मी म्हटलं, मला एकट्यालाच जायचं आहे, मी काही कुकुलं बाळ नाही. तिनं खोबरं असं खवलं की करवंटीसुद्धा निम्मी झाली असावी. दुसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं परत म्हापशाला गेलो. दुकानातली मुलगी हसली नाही, हे तिचे उपकार. तिनं सांगितलं की खोक्यावर दोन माणसांचा लिहिलं म्हणजे दोघं अगदी खांद्याला खांदा लावून; ऐसपैस हवं असेल तर तीन माणसांचा न्या. आम्ही पाहुणे बोलावणार नव्हतो. मी दोघांचा उचलला.

"आधी आंगणात झोपान दाखवा," बायकोनं अट घातली. "मगे केरी."

आंगण तिनं नुकतंच चोपून सारवलं होतं. त्यात खुंट्या ठोकू देणार नाही म्हणाली. तिची पाठ वळताच मी एक ठोकून पाहिली. वीतभर मातीखाली जांभा, खुंटी वाकडी झाली आणि सारवणाचा पोपडा उडाला तो वेगळाच. मग तंबूच्या चारी कोपऱ्यांना चिरे बांधले. एक दोरी उरली होती, ती तुळशीवृंदावनाला बांधायला गेलो तेव्हा बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मी दोरी खिशात घातली. तंबू उभा राहिला. पण उन्हात आत बसवेना, भट्टी झाली. मी हुशारी केली. टिपरची जुनी ताडपत्री माळ्यावर होती, ती काढली, चार बांबू उभे केले आणि तंबूवर मांडवासारखा छान माटव घातला. आत जाऊन पडलो. खरंच गार वाटलं.

थोड्या वेळानं फाटक वाजलं. समोरच्या घरची म्हातारी पदराचं टोक तोंडाला लावून आत आली आणि दारात उभ्या असलेल्या माझ्या बायकोच्या गळ्यातच पडली.

"केदना झाला गो? कोणी सांगूक सुदीक नाय!"

आमच्याकडे दारात माटव पडतो तो लग्नाला नाहीतर मरणाला. घरात लग्नाचं कुणी नाही, मी हल्लीच इस्पितळातून आलेला. म्हातारीचं तरी काय चुकलं? मी तंबूची चेन उघडून डोकं बाहेर काढलं आणि ओरडलो, "मी आजून जितो असंय गे!" म्हातारी मटकन पायरीवर बसली. मग जे हसणं सुरू झालं ते चहा होईपर्यंत थांबेना. बायकोसुद्धा डोळे पुसपुसून हसली.

पण म्हातारी गेली आणि बायकोनं बांबू उपटायला सुरुवात केली. एकटीनं. मी मदतीला गेलो तर मला हातानं बाजूला सारलं. ताडपत्री ओढून खाली पाडली, घडीही न घालता मागच्या पडवीत टाकली. जेवणं झाल्यावर म्हणाली, "हंय नको. परत म्हणान ह्या आंगणात काय घालूचा नाय. केरीक जावया. मी येतंय." मला जायला मिळतंय म्हटल्यावर मी कारण विचारलं नाही.

थंडीचे दिवस होते. सकाळच्या बसनं निघालो आणि बदलत बदलत केरीला पोचलो. मावसबहिणीनं भाट मोकळं करून दिलं आणि बजावलं, माडाखाली ठोकू नका, नारळ पडला तर डोकं फुटेल, नाही तर झावळी येईल अंगावर. म्हणून कडेच्या सुरूंच्या सावलीत जागा धरली. तिथे जांभा नव्हता, नुसती वाळू, आणि वाळूत खुंटी ठोकली की ती बोटानं उपटून यायची. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मी दांडा ओवायचो तर बायको पलीकडून तोच दांडा ओढायची. वरचं कापड उघडलं आणि वाऱ्यानं ते थेट सुरूवर नेऊन टाकलं. "तुमका टिपर येता, तंबू येना," बायको म्हणाली. मी म्हटलं, तूच कर मग. ती म्हणाली, मीच करीन. दोघंही एकमेकांवर भरपूर ओरडलो. भाटातली कुत्री भुंकायला लागली.

शेवटी मला टिपरच आठवला. तिथे पडलेली नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, घेतली, प्रत्येक दोरी एकेका सोडणाला बांधली आणि सोडणं कोपरभर खोल वाळूत पुरून वर पायानं दाबली. ताडपत्री आवळायला मारतो ती गाठ मारली. तंबू असा ताठ उभा राहिला की बायकोनं दोरीवर टिचकी मारून बघितली. दार मी समुद्राकडे केलं होतं. अर्ध्या तासात आत मूठभर वाळू. पुन्हा सगळं उपसून दार माडांकडे फिरवलं. मग मात्र चांगलं जमलं.

डबा खाल्ला. उंडे पाव आणि तिसऱ्यांचं सुकं, माझ्या वाटणीत खोबरं नावाला. जेवण संपायच्या आधीच मला तेरेखोलची फेरीबोट बघायला जायचं होतं. खाडीकडून तिचा आवाज येत होता. मुक्कामाला अजून अख्खी रात्र आहे, दुपारी कोण आत पडून राहील? पण जेवणानंतर पडायचं असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून तिनं हट्ट धरला. मी वरचं कापड काढून टाकलं, नुसती जाळी ठेवली. वारा आरपार जायला लागला. चटई घातली आणि दोघं आत शिरलो.

दुकानातली मुलगी खरं बोलली होती. दोन माणसांचा म्हणजे खांद्याला खांदा. इतक्या जवळ आम्ही कित्येक वर्षांत झोपलो नव्हतो. मला संकोच वाटला, हे सांगायला हरकत नाही. हात कुठे ठेवावा कळेना. मी पोटावर ठेवला आणि जाळीतून दिसणाऱ्या सुरूंकडे बघत राहिलो. किती वेळ पडून राहिलं म्हणजे उठायची परवानगी मिळेल, याचा हिशेब मी मनात करत होतो.

"तुमका एक सांगू?" ती म्हणाली.

"सांग."

"तुमी रातचे हॉलात भोवतास ना. मी वराडतंय तुमका."

"कान किटलेत."

"वराडतंय खरी. पण ता आयकान माका बरा दिसता. पाय वाजतत म्हणजे असास. तुमी गप झालास काय माझी झोप उडता. मगे मी उठतंय. काळोखात तुमच्या उशाकडे उभी रवान बघतंय, छाती वर-खाली होता काय नाय ता."

"कधी कधी?"

"रोज. इस्पितळासून इल्यापास्ना रोज. आणि त्या दिसा ती म्हातारी माझ्या गळ्यात पडली..."

आजारी मी, झोप माझी गेलेली, असंच मी इतके महिने धरून चाललो होतो. डॉक्टरांना मी माझी झोप सांगितली, मुलाला फोनवर सांगितली, समोरच्या म्हातारीलासुद्धा सांगितली. आतल्या खोलीत दुसरं कुणी जागं आहे, हे माझ्या मनातही आलं नाही. लाज वाटली आणि तिची फार माया आली. दोन्ही एकदमच.

"हंय बरा असा," ती कूस बदलत म्हणाली. "हंय उठान बघूक नको. पडल्या पडल्याच आयकाक येता."

मी उत्तर जुळवत होतो तेवढ्यात तिला झोप लागली. अशी तशी नाही. तोंड किंचित उघडं, बांगड्यांचा हात माझ्या आणि तिच्या मध्ये कसाही पडलेला, आणि बारीक घोरणं. भर दुपारी, समुद्र एवढा वाजत असताना.

खाडीत फेरी पुन्हा लागल्याचा आवाज आला. माझ्या पायांना मुंग्या आल्या, पाठीखाली वाळूचा एक उंचवटा टोचत होता, आणि उठावंसं इतकं वाटत होतं की दातावर दात दाबले. जरा हललो की चटई करकरायची, म्हणून हललो नाही. बराच वेळ अगदी गप्प पडून राहिलो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिचं घोरणं थांबलंय. पापण्या हलायला लागल्या होत्या, कपाळावर आठी आली होती, आणि ती झोपेतच कान देत होती.

मी छाती भरून श्वास घेतला आणि आवाज करत सोडला. मग दुसरा. मग तिसरा, तिला झोपेत नीट ऐकू जाईल असा. तिची आठी हळूहळू गेली. फेरी पलीकडे जाऊन परत आली तरी मी तसाच पडून मोठमोठ्यानं श्वास घेत राहिलो.