धाटावच्या मॉक ड्रिलमधले मेलेले

माझं शेवटचं पोस्टिंग फौजेनं दिलेलं नाही. इंजिनिअर्समधून सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो, पेणच्या घरी दोन महिने बसलो, आणि बायकोनं सांगून टाकलं, "रोज सकाळी घरात फॉल-इन घेणं बंद करा, नाहीतर नोकरी बघा." नोकरी मिळाली धाटावला, एका केमिकल कंपनीत, सिक्युरिटी ऑफिसरची. कंपनीचं नाव सांगणार नाही. अजून तिथंच आहे.

रूटीन साधं. पहाटे पेणहून बाइक, गडबला टपरीवर चहा, नागोठणं, रोहा, आणि पहिली शिफ्ट यायच्या आत गेटवर. गेटवर मोठा बोर्ड आहे, 'सुरक्षा हाच आमचा श्वास'. त्याच्याखाली रोज शिफ्टच्या बस थांबतात. परमनंट कामगार एका दारानं आत जातात, कंत्राटी दुसऱ्या दारानं. सगळे मिळून एक कुटुंब, असं कंपनी दर वर्धापनदिनाला सांगते.

लोकांना वाटतं, फौजी माणूस हुकूम मानणारा, म्हणजे त्याचा सरकारवर आणि साहेबांवर डोळे झाकून विश्वास. मी हुकूम मानले. विश्वास वेगळा ठेवला. सरकार म्हणतं परिस्थिती नियंत्रणात आहे, तेव्हा मी आधी बघतो की हे म्हणणारा माणूस कुठं उभा आहे. कंपनी म्हणते धोका नाही, तेव्हा मी बघतो की तिच्या साहेबांची मुलं कुठल्या गावात राहतात. आणि साधा माणूस? तोही काही कमी नाही. फौजेच्या लंगरमध्ये, जेवणाच्या रांगेत, शूर सैनिक कसे कोपर मारतात, ते मी बघितलं आहे. मीही मारलं आहे.

एका हिवाळ्यात वरून हुकूम आला. कंपनीत मॉक ड्रिल करायचं. वायुगळती झाली असं समजायचं, सायरन वाजवायचा, जखमी उचलायचे. सरकारी पाहुणे बघायला येणार. तारीख, वेळ, गळतीची जागा, सगळं आधीच ठरलेलं. शत्रूनं हल्ल्याचं निमंत्रण पाठवावं तसा प्रकार.

प्लांट हेड साठेसाहेबांनी मीटिंग घेतली. माणूस वाईट नाही, पण स्वभाव लग्नघरातल्या मुलीच्या बापासारखा. पाहुणे नाराज होता कामा नयेत, एवढंच डोक्यात. त्यांनी स्क्रिप्ट वाटली. मी वाचली आणि हात वर केला.

"सर, खरंच काही झालं तर शब्द काय वापरायचा?"

"म्हणजे?"

"फौजेत एक्सरसाइजच्या वेळी एक शब्द ठरलेला असतो. तो रेडिओवर आला की समजायचं, हे नाटक नाही, खरा माणूस खरा जखमी आहे."

साठेसाहेब हसले. "सुभेदारसाहेब, इतकं निगेटिव्ह बोलू नका हो. एका दिवसाचा तर कार्यक्रम."

विषय संपला. मी 'यस सर' म्हणालो आणि बसलो.

जखमी म्हणून जवळच्या वाडीतले कातकरी मजूर घेतले. ठेकेदारानं सांगितलं, दिवसाची हजेरी, वर बिस्किटपुडा. काम पडून राहण्याचं. रक्तासाठी लाल रंग मी पेणहून नेला. बायको गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते, तिनंच डबा भरून दिला.

कार्यक्रमाच्या सकाळी भूमिका वाटताना भांडण लागलं. जखमींना उन्हात पडायचं होतं आणि कण्हायचं होतं. मेलेल्यांची जागा शेडच्या सावलीत होती आणि त्यांना कण्हण्याची सक्ती नव्हती. त्यामुळे सगळ्यांना मरायचं होतं.

वाडीची पुढारी हिराबाई वाघमारे. उंचीनं माझ्या खांद्याला, आवाजानं दोन मजली. ती ठेकेदाराला म्हणाली, "मी मेलेलीच होनार. गुडघं दुखतान माजं. जखमी होयाला मला नाय जमायचं."

मग माझ्याकडे वळली. वाडीच्या लेखी प्रत्येक फौजी मेजरच. "मेजर, मेलेल्या मानसाला तहान लागली तं?"

"हळूच सांग. पाणी देतो."

"आन उठायचं कंदी?"

ठेकेदारानं मध्येच दम भरला. "शिट्टी वाजेपर्यंत कोणी हलायचं नाही. जो हलला त्याची हजेरी गेली."

हे वाक्य त्या सगळ्यांनी पक्कं लक्षात ठेवलं.

सकाळी वारा डोंगराकडून होता. त्याच हिशेबानं मेन गेटजवळ मांडव घातलेला. खुर्च्या, पंखा, पाहुण्यांसाठी शहाळी. पण आमच्याकडे हिवाळ्यात ऊन चढलं की वारा फिरतो आणि खाडीकडून येतो. पाहुणे उशिरा आले. ते स्थानापन्न होईपर्यंत टाकीवरच्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या पिशवीनं तोंड फिरवलं होतं. आता वारा प्लांटवरून थेट मांडवाकडे जात होता. मी साठेसाहेबांच्या कानाला लागलो.

"सर, वारा फिरलाय. मांडव चुकीच्या बाजूला आला."

"अहो, धुराचे डबे आहेत ते. नुसता रंगीत धूर."

सायरन झाला. नारंगी धूर सुटला. जखमी मनापासून कण्हू लागले. लाउडस्पीकरवर एक जण समालोचन करत होता, जणू कबड्डीची मॅच. आणि त्याच वेळी आमचा फायर टेंडर, म्हणजे आगीचा बंब, पाहुण्यांना नीट दिसावा म्हणून ड्रायव्हरनं तो मागं घेतला. मागं क्लोरिनची शेड, जिच्या सावलीत मेलेले पडले होते तीच. कूलिंग टॉवरच्या पाण्यासाठी तिथं मोठे सिलिंडर जोडलेले असतात. टेंडरचा मागचा कोपरा पाइपच्या आधाराला लागला, आणि सिलिंडरला जोडलेली तांब्याची नळी चिरली.

आवाज फार झाला नाही. कुकरची शिट्टी अडकावी तेवढाच. मग वास आला. घशाला नखं लावणारा, ब्लीचिंग पावडरचा वास. शेडच्या दारातून हिरवट पिवळं काहीतरी जमिनीलगत सरपटत निघालं. क्लोरिन हवेपेक्षा जड. तो खाली बसतो. आणि खाली आमची माणसं झोपली होती, हुकमानं.

मी रेडिओ उचलला. "कंट्रोल, सुभेदार. क्लोरिन शेडला गळती. नो ड्रिल. मी परत सांगतो, नो ड्रिल. हे खरं आहे. ओव्हर."

"रॉजर साहेब," कंट्रोलचा मुलगा खूश होऊन म्हणाला. "ॲक्टिंग एक नंबर. ओव्हर."

लाउडस्पीकरवाला सांगत होता, "प्रेक्षकहो, पाहा, किती जिवंत वाटतं आहे!"

शिफ्ट इंजिनिअर शाहीन मुकादम तेवढ्यात धावत आली. रोह्याची मुलगी, बाप कुवेतला. मला काका म्हणते. तिला काही सांगावं लागलं नाही. वास तिलाही आला होता.

"काका, व्हॉल्व्ह सिलिंडरवरच बंद करावा लागेल. मी हवेच्या टाकीचा बी.ए. सेट घालते. फायरवाल्यांना सांगा, सिलिंडरवर पाणी मारू नका. पाण्यानं गळती वाढेल."

"एकटी जाऊ नकोस. जोडी घेऊन जा."

"ऑपरेटर पाटीलला घेते. तुम्ही माणसं हलवा."

फायरवाल्यांना मी हातानं थांबवलं आणि मेलेल्यांकडे धावलो.

"उठा! खरा गॅस आहे! पळा!"

कोणी हललं नाही. एकानं डोळा किलकिला करून शेजारच्याला विचारलं, "शिट्टी झाली का रं?" "नाय." त्यानं डोळा परत मिटला. हिराबाई खोकत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तरी पडूनच होती. "मेजर," ती पुटपुटली, "ठेकेदार बघतोय. हजेरी जाल ना."

ठेकेदार कुठला बघतोय? तो केव्हाच पसार झाला होता.

शिट्टी मांडवात समालोचकाकडे. तिथवर जाऊन यायला वेळ नव्हता. फौजेत माइन्सच्या, म्हणजे पेरलेले सुरुंग काढण्याच्या कामात शिकवलेलं एकच आठवलं, की घाबरून ओरडशील तर पुढचा माणूस जागच्या जागी गोठतो. मी थांबलो. श्वास सावकाश घेतला, नाकाला ओला रुमाल लावला, आणि परेडवरच्या आवाजात ओरडलो.

"कँटीनला बिर्याणी वाटतायत! चिकन बिर्याणी! संपत आली!"

मेलेले उठले. जखमी उठले. ज्याचा पाय स्क्रिप्टप्रमाणे तुटला होता तो सगळ्यांच्या पुढं. हिराबाईनं दुखरे गुडघे विसरून साडी खोचली आणि शेजारणीला हाक दिली, "चल गो, ऊठ! मेलीस काय खरंच?"

कँटीन वाऱ्याच्या वाटेतून बाजूला होतं. हेच मला हवं होतं. त्यांच्या पाठोपाठ मी मांडवाकडे वळलो.

मांडवात आता कोणाला समजवायची गरज उरली नव्हती. वास पोचला होता. सरकारी साहेब आणि त्यांचा लवाजमा मेन गेटकडे निघाला, गाड्यांकडे. सगळे वाऱ्याच्या दिशेनं, म्हणजे गॅसला सोबत घेऊन. गेटवर माझा गार्ड दत्ताराम होता.

"दत्ताराम, सुभेदार. बॅरियर खाली. कोणी बाहेर जाणार नाही. सगळ्यांना कँटीनकडे वळव. ओव्हर."

"साहेब, सरकारी गाडी हाय."

"मग दोन्ही बॅरियर खाली."

दत्तारामनं टाकले. साहेबांनी काच खाली करून आवाज चढवला. "तुम्हाला माहीत आहे का मी कोण आहे?" एवढं बोलायला त्यांनी जो श्वास घेतला, त्यानं त्यांचं पुढचं काम केलं. खोकत खोकत उतरले आणि दत्तारामचा हात धरून कँटीनकडे चालू लागले. साठेसाहेब मात्र मांडवातच थांबले होते. खुर्च्यांतून अडखळणाऱ्या म्हाताऱ्या पाहुण्याला त्यांनी पाठीवर घेतलं आणि आणलं. मला त्यांच्याकडून ही अपेक्षा नव्हती. माणसाविषयी माझं मत वाईट आहे, पण अधूनमधून असं कोणीतरी ते बिघडवतं.

रेडिओ वाजला. मास्कमधून शाहीनचा आवाज डब्यातून आल्यासारखा.

"काका, व्हॉल्व्ह बंद. नळी सुटी केली. आता गळती नाही. ओव्हर."

"शाबास. बाहेर ये, वारा येतो त्या अंगानं. ओव्हर."

"येते. ओव्हर."

मी रेडिओ पट्ट्याला अडकवला आणि माणसं मोजायला निघालो.

सगळे कँटीनसमोर जमले. डॉक्टरनं ज्यांना ऑक्सिजन हवा होता त्यांना दिला. चौघांना रोह्याच्या दवाखान्यात पाठवलं, संध्याकाळी परत आले. कोणी मेलं नाही. लाल रंग लावलेली माणसं बघून दवाखान्यातली नर्स मात्र किंचाळली होती, असं नंतर कळलं.

हिराबाई कँटीनच्या खिडकीत डोकं घालून आत बघत होती. मग माझ्यापुढं येऊन उभी राहिली, कमरेवर हात.

"मेजर, बिर्यानी कुटं हाय?"

"नाही, हिराबाई."

"खोटं बोललास?"

"बोललो."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग शेडकडे बघितलं, आणि खोकत खोकत हसायला लागली. तिच्यामागं सगळी वाडी हसली. सरकारी साहेबही हसले, रुमालानं डोळे पुसत. मी शाहीनला विचारलं, रोह्यात चांगली बिर्याणी कोण बनवतं? तिनं मावशीला फोन लावला. दुपारी मोठी पातेली आली आणि साहेबांपासून मेलेल्यांपर्यंत सगळे एकाच रांगेत बसले. कोपरं मारली गेली. मी बघितली.

जेवणानंतर साठेसाहेब मला बाजूला घेऊन गेले. "सुभेदारसाहेब, हे ड्रिलमध्येच होतं असं धरू या का? सगळं सुखरूप झालंच आहे."

"सर, ड्रिल झालं असं लिहा. गळतीही झाली असं लिहा. मी दोन्हीवर सही करतो. एकावर करणार नाही."

शाहीन बाजूलाच उभी होती. "मी पण," ती म्हणाली.

शेवटी ड्रिल 'अत्यंत वास्तवदर्शी' ठरलं, आणि गळती 'किरकोळ घटना' म्हणून नोंदली गेली. किरकोळ हा शब्द मला पटला नाही. पण क्लोरिनच्या शेडला लोखंडी कठडा बसला, ड्रिलला खरा शब्द ठरला, आणि मांडव आता वारा बघून घालतात. सरकार आणि कंपनी यांच्याकडून एका दिवसात एवढं निघालं, हे मी खूप समजतो. हजेरीही सगळ्यांना मिळाली. ठेकेदाराच्या शेजारी उभा राहून ती मी वाटायला लावली.

त्या संध्याकाळी मी थेट पेणला गेलो नाही. कोलाडवरून खांबला गेलो. तिथं फौजेतल्या माझ्या नाईक सदानंदची आई राहते.

सदानंद माझ्या सेक्शनमध्ये होता. सीमेवर आम्ही माइन्स काढत होतो. एक पट्टा कागदोपत्री साफ झाला होता. वरून घाई होती, रस्त्याचं मशीन येऊन उभं होतं, पलीकडे जायला एक पलटण तयार होती. सदानंद म्हणाला, "साहेब, साफ हाय असं म्हनतात. मी एकदा बघून येतो, मग तुमी या." तो पोटावर सरपटत गेला. एक सापडला, त्यानं अंगठा दाखवला. दुसरा सापडला, तेव्हा मागं वळून हसला. तिसरा त्याला सापडला नाही.

त्याच्या मागं आम्ही उभे होतो.

आईला मी दिवसभराची हकिगत सांगितली. बिर्याणीपाशी ती हसली, तोंडाला पदर लावून.

"सदा पन असाच व्हता," ती म्हणाली. "दुकानातून साखर आनली तं घरी परत मोजायचा. मी म्हनायची, इतका संशय बरा नाय." मग तिनं विचारलं, "फुकट गेला का रं तो?"

"नाही, आई. त्या दिवशी पुढं जाणारे सगळे घरी गेले. काहींना नातवंडं झाली. एकाचं तर मागच्या वर्षी लग्न झालं, मी गेलो होतो."

"बायको बरी हाय का त्याची?"

"बरी आहे. बडबडी आहे."

"बरं हाय मग," ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.